‘ख्रिस्तपुराणा’तील ईश्वरी वचननिष्ठा आणि तारणकृपा : एक चिकित्सा

प्रास्ताविक

ख्रिस्ती श्रद्धेत ईश्वराची कृपा म्हणजे केवळ दयाभाव नव्हे. दिलेल्या वचनाला जागणे हे तिचे मूळ स्वरूप होय. बायबलच्या दोन्ही भागांना मराठीत ‘करार’ हेच नाव रूढ आहे, ते या दृष्टीने अर्थपूर्ण ठरते. नोहा, अब्राहाम, मोशे व दावीद यांच्याशी ईश्वराने करार केले. मनुष्याने ते वारंवार मोडले. ईश्वराने मोडले नाहीत. मनुष्याच्या अविश्वासूपणामुळे ईश्वराचा विश्वासूपणा रद्द होत नाही, हा विचार पौलाने रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या 3 ऱ्या अध्यायात मांडला आहे. या सिद्धान्ताला मराठी काव्यरूप देताना फादर थॉमस स्टीफन्स यांनी काय साधले आणि कोणता प्रश्न अनुत्तरित राहिला, याचा शोध प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रचनेतील वचनसूत्र

1579 मध्ये गोव्यात आलेल्या स्टीफन्स यांचे हे काव्य 1616 मध्ये रायतूर (राशोल) येथे रोमन लिपीत मुद्रित झाले. ‘पहिले पुराण’ 36 अवस्वरांचे, तर ‘दुसरे पुराण’ 59 अवस्वरांचे आहे. मराठी भाषेच्या गौरवाच्या ओव्यांमुळे हा ग्रंथ अभ्यासकांना सुपरिचित झाला. परंतु भाषागौरवाच्या चर्चेत त्याच्या रचनेमागील धर्मविचार बराचसा झाकला गेला. ग्रंथाच्या मूळ पोर्तुगीज शीर्षकाचा आशय ‘तारक येशू ख्रिस्ताच्या जगातील आगमनाविषयी दोन भागांतील निरूपण’ असा आहे. म्हणजे ज्या पहिल्या भागात ख्रिस्ताचा जन्म अद्याप झालेला नाही, तो भागही त्याच्या आगमनाविषयीच आहे. त्यामुळे पहिले पुराण ही केवळ पूर्वपीठिका ठरत नाही. वचन दिले गेले आणि ते दीर्घकाळ टिकले, याची साक्ष तेथे उभी राहते. दुसऱ्या पुराणात त्या वचनाची पूर्तता होते. विश्वासूपणा एका प्रसंगाने सिद्ध होत नाही, त्याला काळाची कसोटी लागते. प्रदीर्घ कथनाला वाव देणारा पुराणप्रकार त्यासाठी अत्यंत अनुरूप ठरला.

पुराणरूप आणि अर्थांतर

स्टीफन्स यांनी ख्रिस्ती आशयावर केवळ मराठी वेष चढविला, असे म्हणणे म्हणूनच अपुरे आहे. अवतारकल्पनेत धर्माला ग्लानी आली की ईश्वर पुनःपुन्हा प्रकटतो. भक्ताचे आश्वासन त्या पुनरावृत्तीत असते. ख्रिस्ती विचारात देहधारणा एकदाच घडते, म्हणून आश्वासनाचा सारा भार दिलेल्या वचनावर आणि त्याच्या प्रतीक्षेवर येतो. हाच फरक शब्दयोजनेतही जाणवतो. ‘वैकुंठ’, ‘मोक्ष’ यांसारखे शब्द येथे आले आहेत. परंपरेत मोक्ष म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्यातून सुटका. येथे तो पापापासून तारण आणि तुटलेल्या नात्याची पुनःस्थापना या अर्थी येतो. हा नवा अर्थ एखाद्या व्याख्येतून पोहोचत नाही. कथा पुढे सरकते तसा तो श्रोत्याच्या मनात मुरत जातो.

वचन कोणाला?

एक मूलभूत प्रश्न मात्र उरतो. वचन इस्राएलला दिले होते. मग साष्टीतील श्रोत्याचा त्याच्याशी संबंध काय? आदामाच्या पतनानंतर उच्चारलेले आशावचन (उत्पत्ती 3:15) ख्रिस्ती परंपरेने तारणाचे पहिले वचन मानले आहे, आणि ते एका वंशापुरते मर्यादित नाही. सृष्टीच्या उत्पत्तीपासून कथा आरंभिल्यामुळे साष्टीतील श्रोताही त्या वचनाचा वारस ठरतो. पुराणाचा जो आरंभ केवळ संकेत वाटला असता, तो येथे कृपेच्या सार्वत्रिकतेचा आधार बनतो.

तथापि, या वारसाहक्काची किंमतही नोंदविली पाहिजे. 1567 मध्ये साष्टीतील देवळे पोर्तुगीज सत्तेने उद्ध्वस्त केली होती. जुनी पुराणे वर्ज्य झाल्यावर त्यांच्या जागी दुसरे काही द्यावे, अशी नवख्रिस्ती श्रोत्याची मागणी पहिल्याच अवस्वरात येते. ज्या चर्चच्या वतीने स्टीफन्स बोलत होते, त्याच्या ट्रेंट परिषदेने 1547 मध्ये असे ठरविले होते की कृपा प्रथम ईश्वराकडून येते. मात्र मनुष्य तिला मुक्तपणे संमती देतो आणि ती नाकारूही शकतो. संमतीचा हा सिद्धान्त आणि साष्टीतील सत्तेचे वास्तव यांत उघड विसंगती आहे.

समारोप

‘ख्रिस्तपुराणा’चे यश दुहेरी आहे. ईश्वराच्या विश्वासूपणाला त्याने मराठीत कथारूप दिले. आणि ज्यांच्या पूर्वस्मृती हिरावल्या गेल्या, त्या समाजाला गाण्यासाठी, ऐकण्यासाठी स्वतःच्या भाषेत एक दीर्घ स्मृती दिली. त्या हिरावण्याचे समर्थन मात्र या यशाने होत नाही. कधीही न मोडणारे वचन ज्या श्रोत्यांनी ऐकले, त्यांनी सत्तेच्या आज्ञेने आपली दैवते मोडताना पाहिली होती. हा ताण नजरेआड न करता केलेले वाचनच या ग्रंथाला आणि त्याच्या पहिल्या श्रोत्यांनाही न्याय देऊ शकेल.