काड्यांची माणसं आणि क्लीव्हलंडचा कारकून

हार्वी पीकरला चित्र काढता येत नव्हतं. १९७२मध्ये त्याने आपल्या काही गोष्टी कागदावर मांडल्या, त्या अशा : चौकटी आखल्या, चौकटींत काड्यांची माणसं उभी केली, त्यांच्या डोक्यावर संवाद लिहिले. दुसरी-तिसरीतलं पोर वहीच्या मागच्या पानावर काढतं ना, तसली माणसं. ते कागद त्याने रॉबर्ट क्रम्ब या मित्राला दाखवले. क्रम्ब तेव्हा अमेरिकेतल्या अंडरग्राउंड कॉमिक्सचा सगळ्यात गाजलेला चित्रकार. दोघांची ओळख मात्र दहा वर्षं जुनी आणि चित्रांशी संबंध नसलेली : दोघांनाही जुन्या जॅझ रेकॉर्ड्स जमवायचा नाद. क्रम्ब त्या काळी क्लीव्हलंडमध्ये शुभेच्छापत्रं बनवणाऱ्या कंपनीत नोकरी करत होता. काड्यांची माणसं बघून क्रम्ब हसला-बिसला नाही, त्या गोष्टी चितारायला तयार झाला.

चार वर्षांनी, १९७६मध्ये, पीकरने पदरच्या पैशाने ‘अमेरिकन स्प्लेंडर’चा पहिला अंक छापला. लेखक एक, चित्रकार अनेक. साधारण वर्षाला एक, असे पहिले पंधरा अंक त्याने स्वतःच काढले. पोटासाठी क्लीव्हलंडच्या माजी सैनिकांच्या सरकारी इस्पितळात फायली लावायचं काम. ते त्याने २००१मध्ये निवृत्त होईपर्यंत सोडलं नाही.

मी पीकरकडे पोचले ते माझा स्वतःचा कॉमिक्स-संग्रह बुडाल्यावर. आम्ही तिघांनी ठरवलं होतं, दिवाळीला चौसष्ट पानांचं पुस्तक काढायचं, मराठीत, आपल्याच पैशाने. लिहिणार मी, कारण मलाही चित्र येत नाही. काढणार एक मैत्रीण, आणि तिसरा मित्र छपाईचं बघणार. गूगल शीटमध्ये पाच गोष्टी लिहून झाल्या. प्रत्येक चौकटीला एक ओळ : पात्राचे कपडे, कॅमेऱ्याचा कोन, उजेड कुठून, पाठीमागे काय. दोन गोष्टी चितारून झाल्यावर मैत्रीण थांबली. भांडण झालं नाही. तिचा रिप्लाय एवढाच : “तुझं वाचून मला टिकेट असाइन झाल्यासारखं वाटतं.” मला राग आला होता. स्पेसिफिकेशन नीट लिहिणं हा गुन्हा कधीपासून झाला?

आपल्यापैकी बहुतेकांना पीकर माहीत असेल तर २००३च्या सिनेमामुळे. पॉल जियामाटी त्यात पीकर झालाय आणि खरा पीकरही मधूनमधून कॅमेऱ्यासमोर येऊन कुरकुर करतो. सिनेमा छान आहे, पण त्यावरून वाटतं की एका कुढ्या कारकुनाला कॉमिक्स सापडलं आणि त्याचं भलं झालं. कॉमिक्स वाचलं की दुसरंच काहीतरी दिसतं. कुठे थांबायचं हे या माणसाला पक्कं कळतं.

दुसऱ्या अंकातली (१९७७) ‘द हार्वी पीकर नेम स्टोरी’ घ्या. चित्रं क्रम्बची. पानामागून पान जवळजवळ सारख्याच आकाराच्या चौकटी, आणि प्रत्येकीत एकच माणूस समोर बघत उभा राहून बोलतोय. विषय काय, तर त्याचं नाव. हे नाव जगावेगळं आहे असं त्याला वाटायचं. मग टेलिफोन डिरेक्टरीत दुसरा हार्वी पीकर सापडतो, पुढे आणखी एक. ते दोघं त्याला कधीच भेटत नाहीत. काही वर्षांनी दोघंही गेल्याचं कळतं आणि ओळखदेख नसताना याला वाईट वाटतं. आणि मग डिरेक्टरीत पुन्हा एक हार्वी पीकर उगवतो. एवढीच गोष्ट.

ही गोष्ट माझ्या शीटमध्ये असती, तर मी तिसऱ्या चौकटीत फ्लॅशबॅक टाकला असता आणि दहाव्या चौकटीत स्मशान. पीकर काहीच हलू देत नाही. माणूस तसाच उभा. चौकटीत कधी एक वाक्य असतं, कधी अर्धं, कधी शब्दच नसतात. वाचताना तुम्ही आपोआप त्याच्या बोलण्याच्या वेगावर येता, कारण वाक्य कुठे मोडायचं हे चौकटीची रेघ ठरवते. ती रेघ काड्यांच्या माणसांच्या कागदावरच ठरलेली असते. कपडे, उजेड, कोन यातलं त्या कागदावर काही नसतं, कारण काडीला कपडे नसतात. पीकर वेळ ठरवून देतो आणि चेहरा चित्रकारावर सोडतो. मी बरोब्बर उलटं केलं होतं : चेहऱ्याचे तीळसुद्धा सांगितले होते, पण कुठे श्वास घ्यायचा ते कुठेच लिहिलं नव्हतं.

म्हणूनच या अंकांमधला हार्वी दर गोष्टीत वेगळा दिसतो. क्रम्बचा हार्वी केसाळ, वाकलेला, चिडका. गॅरी डम आणि ग्रेग बजेटचा हार्वी शेजारच्या बिल्डिंगमधल्या काकांसारखा साधा. जेरी शॅमरेचा हार्वी फोटोवरून उतरवल्यासारखा, सावल्यांत हरवलेला. एखाद्या संपादकाने सांगितलं असतं की हिरो सगळीकडे सारखा दिसू दे, वाचक गोंधळेल. सांगणारा कोणी नव्हता आणि वाचक गोंधळत नाही. तो माणूस त्याच्या बोलण्यावरून ओळखू येतो.

इथे पैशाचं बोलायला हवं, कारण स्वतः छापण्याच्या गप्पांत लोक ‘पॅशन’वर थांबतात. पीकरने रेकॉर्ड जमवणं सोडलं आणि तो पैसा कॉमिक्सकडे वळवला. या व्यवहारावर त्याची एक गोष्टच आहे, तिचं लांबलचक शीर्षकच ही हकिगत सांगतं. तरीही अंक वर्षानुवर्षं तोट्यात. तो झेपला कारण दर महिन्याला सरकारी पगार येत होता. ज्या नोकरीला तो शिव्या घालतो, तीच त्याला छापायचे पैसे देते, आणि तिथलेच सहकारी, रुग्ण, जेवणाच्या सुट्टीतल्या गप्पा त्याला विषय देतात. आपल्याकडे बँकेत आणि पोस्टात नोकरी करत लिहिणाऱ्यांची कमी नव्हती. पण ते ऑफिसातून आल्यावर लिहायचे. पीकर ऑफिसच लिहितो. (योगायोग म्हणजे १९७६मध्येच अरुण कोलटकरांचं इंग्रजी ‘जेजुरी’ आलं. तेही चार कवींनी मिळून चालवलेल्या क्लिअरिंग हाउसमधून. मोठ्या प्रकाशकाची वाट न बघणारे लोक दोन्हीकडे होते.)

नोकरी आणि लिखाणाचा हा तिढा सगळ्यात नेमका सापडतो तो १९८४च्या ‘हायपोथेटिकल क्वांडरी’मध्ये. चित्रं पुन्हा क्रम्बची. रविवारी हार्वी पाव आणायला निघालाय. डोक्यात विचार : समजा, एखाद्या मोठ्या प्रकाशकाचा फोन आला, आपण प्रसिद्ध झालो, नोकरी सोडता आली, तर? मग आपण लिहायचं कशावर? अजून फोन आलेला नाही, येणारही नाही कदाचित, तरी बाबा हिशोब करत चाललाय. बेकरीतून पाव घेऊन निघतो, ताज्या पावाचा वास येतो. तीन पानांत गोष्ट संपते. मी ती रात्री दीडला वाचली, सकाळी साडेनऊला स्टँडअप मीटिंग होती, आणि मी नुकताच मनातल्या मनात राजीनामा लिहून संपवला होता.

दोनच वर्षांनी, १९८६मध्ये, मोठ्या प्रकाशकाने त्याच्या गोष्टींचा संग्रह खरोखरच काढला. डेव्हिड लेटरमनच्या टीव्ही कार्यक्रमातही बोलावणी येऊ लागली. तिथे लोक त्याच्या तिरसटपणाला हसायचे. तो त्या चॅनेलच्या मालक कंपनीवरच, जनरल इलेक्ट्रिकवर, कॅमेऱ्यासमोर तोंडसुख घेऊ लागला आणि १९८८मध्ये प्रकरण तुटलं. फायली लावणं सुरूच होतं.

आता तक्रारी. पीकर सलग वाचवत नाही. दहा गोष्टींत तीन अप्रतिम, चार बऱ्या, उरलेल्या तीन निव्वळ कुरकुर. काही पानांवर संवादांचे फुगे एवढे मोठे की चित्रकाराला कोपऱ्यात अंग चोरून बसावं लागतं. सुरुवातीच्या गोष्टींतल्या बायका बऱ्याचदा हार्वीच्या वैतागाचं निमित्त म्हणून येतात. ‘सुपरमार्केटच्या रांगेत म्हाताऱ्या ज्यू बायकांच्या मागे उभं राहणं’ अशा अर्थाच्या नावाची गोष्ट मला हसवते, पण अस्वस्थही करते. पीकर स्वतः ज्यू, आईवडील पोलंडमधल्या ब्यालिस्तोकहून आलेले, वडिलांचं किराणा दुकान. घासाघीस करणाऱ्या म्हाताऱ्या त्याने लहानपणापासून पाहिल्या असणार. काउंटरच्या आतल्या बाजूचं ते पोर गोष्टीत यायला हवं होतं. रांगेतला वैताग तेवढा येतो.

आणि मोठी तक्रार श्रेयाची. आपण सगळे ‘पीकरचं कॉमिक्स’ म्हणतो. मीही या लेखात तेच करतेय. ज्यांनी रात्री जागून पानं काढली, त्यांची नावं, क्रम्ब सोडला तर, किती जणांच्या तोंडी असतात? चेहरा चित्रकारावर सोडणं हा विश्वास आहे हे मान्य. पण मुखपृष्ठावर, टीव्हीवर, सिनेमात चेहरा एकाचाच पोचला.

ही कोंडी थोडी सुटते ती ‘अवर कॅन्सर इयर’मध्ये (१९९४). जॉइस ब्रॅबनरचं डेलावेअरमध्ये कॉमिक्सचं दुकान होतं. एक अंक तिला मिळाला नाही म्हणून तिने थेट पीकरला पत्र लिहिलं. पत्रव्यवहार वाढला, १९८४मध्ये लग्न झालं. पुढे त्याला लिम्फोमा झाला, त्या वर्षाची ही गोष्ट दोघांनी मिळून लिहिली आणि फ्रँक स्टॅकने काढली. इथे हार्वी बराच वेळ अंथरुणात आहे, आणि कथा पुढे नेणारं माणूस दुसरंच आहे : औषधं सांभाळणारं, चिडणारं, थकणारं, स्वतःचं कामही करू बघणारं. स्टॅकची रेघ मोडकी, घाईची. कुठे कुठे तर माणसं पुन्हा काड्यांच्या जवळ जातात. पीकरचं मला सगळ्यात आवडलेलं पुस्तक हे आहे, आणि ते त्याचं एकट्याचं नाही.

तर, माझ्या शीटमधली पहिली गोष्ट. आमच्या टीममधल्या एकाला कामावरून काढलं, त्यावर होती. माझ्या स्क्रिप्टमध्ये तो शेवटी गच्चीवर जाऊन ओळखपत्र भिरकावतो, खाली शहराचे दिवे. खरं घडलं ते असं : दुपारी चारला तो खोक्यात मग आणि चार्जर घेऊन निघाला, मी लिफ्टपर्यंत सोडायला गेले. लिफ्ट येईना. आम्हाला बोलायला काही सुचेना. मग त्याने पाकिटातून कँटीनची उरलेली कुपनं काढून माझ्या हातात दिली, म्हणाला, “महिनाअखेर संपतात, वापर.” लिफ्ट आली.

गेल्या रविवारी शीट बंद केलं आणि कागदावर सहा चौकटी आखल्या. काड्यांची दोन माणसं, एक खोकं, एक बंद दार. चौथ्या चौकटीत संवाद नाही. मोबाइलवर फोटो काढून मैत्रिणीला पाठवला. कोन, कपडे, उजेड काहीच लिहिलं नाही, नुसतं ‘बघ’.

दोन दिवस निळ्या टिका. काल रात्री रिप्लाय आला : “चौथीत काय चाललंय?”

“लिफ्टची वाट बघतायत.”

“कितवा मजला?”