दासीची उंची

सतराव्या शतकातील डच चित्रकारांच्या गृहचित्रणात निकोलास मासचे १६५५ मधील आळशी मोलकरणीचे चित्र बोलके आहे. भांडी जमिनीवर पडलेली, मोलकरीण झोपलेली, मागे मांजर कोंबडे पळवीत आहे. आणि घरधनीण तिच्याकडे हात करून आपल्याकडे पाहत हसते आहे. त्या हास्यात सामील होताच प्रेक्षकही मालकपक्षाचा होतो. तरी चित्रकाराने मोलकरणीला निदान एक दोष दिला आहे, आणि दोष आला की स्वभाव आलाच.

तेवढाही स्वभाव ज्यांच्या वाट्याला आला नाही अशा दासींचा संबंध आमच्या जालना जिल्ह्याशी पोचतो. भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील १९७३ च्या उत्खननात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. पाँपेई येथे १९३८ साली सापडलेल्या भारतीय हस्तिदंती मूर्तीशी तिचे इतके साम्य आहे की, इ. स. ७९ पूर्वीची ती मूर्तीही भोगवर्धनचीच असावी असे काही अभ्यासकांनी मानले. तिच्यावरील खरोष्ठी अक्षर मात्र वायव्येकडे नेते. तो वाद पुरातत्त्वज्ञांचा.

पाँपेईची मूर्ती सुमारे २५ सेंटिमीटर उंचीची आहे. मध्ये अलंकारांनी मढलेली स्त्री; दोन्ही बाजूंना प्रसाधनाची पात्रे घेतलेल्या, जेमतेम तिच्या कमरेशी पोचणाऱ्या दोन दासी. मधलीला आधी 'लक्ष्मी' म्हटले गेले, पुढे 'यक्षी'. दासींच्या नावाचा प्रश्न कोणाला पडला नाही. महत्त्वानुसार आकार हा प्राचीन शिल्पातील संकेतच होता, असे यावर सांगितले जाईल. ते खरेच आहे. परंतु सत्तासंबंध एकदा संकेतात मुरला की त्याचे समर्थन करण्याचीही गरज उरत नाही. मासच्या मोलकरणीला दटावून उठवावे लागेल. या दोघींना झोपण्याची मुभाच नाही. (आपल्याकडे दासीचा स्वर ऐकायला मिळतो तो जनाबाईच्या अभंगांत, आणि तिथे रुसवाही आहे.)

आणखी एक तपशील या वाचनाला अडचणीत आणतो. मूर्तीच्या मस्तकात छिद्र आहे. त्यावरून ती आरशाची मूठ किंवा लहान मेजाचा पाय असावी असा तर्क केला जातो. म्हणजे जिच्यासाठी दासी तिष्ठत आहेत ती स्वामिनीही कुणा धनिकाच्या घरातील उपकरणच ठरते. तिच्या डोक्यावर काय पेलायचे हे तिने ठरविलेले नाही. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या दंतकारांनी आपल्या कामाची नोंद कोरून ठेवली आहे. या मूर्तीच्या कारागिराला तशी जागा मिळाली नाही. दुसऱ्याच्या शृंगाराचे साहित्य हाती घेऊन उभा असलेला तो, मला वाटते, उंचीने त्या दोघींच्याच बरोबरीचा होता.