टिकेट ऑफ लीव्ह मॅन, द
इंग्रज नाटककार टॉम टेलर (१८१७–८०) ह्याचे चतुरंकी नाटक. लंडनच्या ऑलिंपिक थिएटरमध्ये २७ मे १८६३ रोजी त्याचा पहिला प्रयोग झाला. एका फ्रेंच नाटकावर आधारलेल्या ह्या नाटकाचे त्या वेळी सलग चारशेहून अधिक प्रयोग झाले. ‘टिकेट ऑफ लीव्ह’ म्हणजे चांगल्या वर्तणुकीबद्दल कैद्याला शिक्षेची मुदत संपण्यापूर्वी मिळणारा सशर्त मुक्ततेचा परवाना. १८६२ मध्ये लंडनमध्ये गळा आवळून लुटण्याचे प्रकार घडले. त्यांचा दोष अशा परवानाधारकांवर ठेवण्यात आल्याने, हे नाटक आले तेव्हा लोकमत त्यांच्याविरुद्ध प्रक्षुब्ध होते.

लँकाशरहून लंडनला आलेला भोळा तरुण बॉब ब्रायर्ली हा जेम डाल्टन ह्या गुन्हेगारावर विश्वास टाकतो आणि त्याने दिलेली बनावट नोट नकळत वटविल्यामुळे तुरुंगात जातो. त्याने एकदा मदत केलेली निराधार गायिका मे एडवर्ड्‌स त्याची वाट पाहते. सुटकेनंतर तो गिब्सन ह्या हुंडी-दलालाकडे इमानाने नोकरी करतो तथापि विवाहाच्या उंबरठ्यावरच त्याचे पूर्वायुष्य उघडकीस येऊन त्याची नोकरी जाते. पुढे कोठेही काम टिकत नाही. अखेरीस गिब्सनची पेढी फोडण्याच्या डाल्टनच्या कटात सामील झाल्याचे सोंग करून बॉब तो उधळून लावतो.

साधुवृत्तीचा नायक, कपटी खलनायक आणि ऐन वेळी होणारी सुटका हे मेलोड्रामाचे ठरीव घटक येथे आहेत. टेलरने मात्र त्यांना लंडनमधील चहाबाग, भाड्याची खोली, कचेरी व दारूचा गुत्ता अशी परिचित पार्श्वभूमी दिली. वेषांतर करून वावरणारा हॉकशॉ हा इंग्रजी रंगभूमीवरील आरंभीच्या गुप्त पोलिसांपैकी एक असून पुढे त्याचे नाव गुप्त पोलिसाला पर्याय म्हणून रूढ झाले.

ह्या नाटकातील उद्धार हा हृदयपरिवर्तनाचा नाही कारण बॉब मुळातच निर्दोष आहे. प्रश्न आहे तो समाज त्याच्यावर विश्वास टाकील काय, हा. शिक्षा भोगून झाल्यावरही कलंक उरतो, हे तिसऱ्या व चौथ्या अंकांत प्रत्ययकारीपणे दाखविले आहे. परंतु ज्याने खरोखरच गुन्हा केला, त्याला समाजात स्थान मिळावे काय, हा अधिक अवघड प्रश्न नायकाच्या निर्दोषपणामुळे टळला आहे. प्रेक्षकांची सहानुभूती त्यामुळे सुलभ झाली पण तिची कसोटी लागली नाही. असे असले, तरी ज्यांच्याविषयी केवळ भीती व्यक्त होत होती, अशांपैकी एकाला नायकपद देण्यात टेलरचे धैर्य दिसते.