कठीण खेळ आणि मरणाचा नियम

एक खेळ सोडून खेळाडू त्याहून कठीण अशा दुसऱ्या खेळाकडे वळतो, तेव्हा त्याला नेमके काय हवे असते, हा प्रश्न वरवर दिसतो तितका सोपा नाही. काव्याच्या प्रांतात अशाच एका प्रश्नाचा आपल्याकडे पुष्कळ ऊहापोह झालेला आहे. मर्ढेकरांच्या कवितेच्या निमित्ताने दुर्बोधतेचा वाद माजला, तेव्हा शब्दांची दुर्बोधता वेगळी आणि अनुभवाची दुर्बोधता वेगळी, असा भेद करणे समीक्षकांना भाग पडले. रोल-प्लेइंग गेम या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, अर्थात खेळाडूने एखाद्या कल्पित पात्राची भूमिका घेऊन हजारो इतरांसह एकाच कल्पित भूमीत वावरावयाच्या, ऑनलाइन खेळांविषयी बोलताना मात्र ‘कठीण’ हा शब्द अजून सरसकट वापरला जातो. प्रस्तुत निबंधात त्याची थोडी फोड करावयाची आहे.

त्यासाठी ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ या खेळाइतके सोयीचे उदाहरण दुसरे नाही. ब्लिझर्ड या कंपनीचा हा खेळ नोव्हेंबर २००४ मध्ये अमेरिकेत सुरू झाला. त्यापूर्वी, १९९९ साली निघालेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ या खेळात मरण महाग होते. पात्र मेले की मिळवलेल्या अनुभवातील काही भाग वजा होई, प्रसंगी एक पातळी उतरावी लागे, आणि सारी सामग्री प्रेतापाशीच पडून राही. ती आणण्यासाठी निःशस्त्र अवस्थेत त्याच संकटातून परत जावे लागे. वॉरक्राफ्टने हे सर्व सौम्य केले. पात्राचे भूत स्मशानात उभे राहते, प्रेतापर्यंत चालत जाते आणि जिवंत होते. शस्त्रांची थोडी झीज सोडल्यास हानी अशी काही होत नाही. पुढे २०१९ साली याच कंपनीने २००६ च्या सुमारास खेळ जसा होता तसा ‘क्लासिक’ या नावाने पुन्हा उपलब्ध केला, आणि ऑगस्ट २०२३ मध्ये त्याचे ‘हार्डकोअर’ सर्व्हर उघडले. येथे मुख्य जादा नियम असा आहे: पात्र मेले की मेले. कंपनीने तो करण्यापूर्वीच काही खेळाडू आपसांत ठरवून तो पाळीत होते, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

आजचा वॉरक्राफ्ट सोडून हार्डकोअरकडे जाणारा खेळाडू ‘मी अधिक कठीण खेळाकडे वळलो’ असे म्हणतो. हे विधान अर्धेच खरे आहे. लढाईतील कौशल्याच्या दृष्टीने पाहिल्यास आजच्या खेळातील सर्वांत वरच्या श्रेणीच्या मोहिमा क्लासिकमधील कोणत्याही मोहिमेहून कितीतरी अवघड आहेत. वीस खेळाडूंनी क्षणाक्षणाचा मेळ साधावयाचा असतो आणि शेवटच्या राक्षसापुढे नामांकित चमूसुद्धा शेकडो वेळा मरून पडतात. परंतु ते मरण फुकटचे असते. दोन मिनिटांनी पुन्हा प्रयत्न सुरू होतो. हार्डकोअरमध्ये उलट आहे. शत्रू साधे आणि चाली थोड्या. पण साठाव्या पातळीपर्यंतचा शंभराहून अधिक तासांचा प्रवास एका चुकीने संपतो. एकीकडे कृती कठीण आहे, दुसरीकडे परिणाम कठोर आहे. कठीण आणि कठोर या दोन शब्दांत आपली भाषा जो फरक करते, तो येथे उपयोगी पडावा.

या कठोरपणाने पहिली गोष्ट घडते ती भूमीच्या बाबतीत. वेस्टफॉल हा ओसाड शेतांचा प्रदेश एरवी खेळाडू घाईघाईने ओलांडतो. तेथील मूनब्रूक गावात डिफायस टोळीचे लुटारू आहेत. ते दुरून अग्निगोल फेकतात, आणि दोघेतिघे एकदम उठले तर नवख्या पात्राची धडगत नसते. सिल्व्हरपाइनच्या अरण्यात एक ‘सन ऑफ अरुगल’ नावाचा लांडगामानव फिरत असतो; त्याची ताकद त्या प्रदेशात येणाऱ्या पात्रांच्या आवाक्याबाहेरची. मरण फुकट असते तेव्हा हे तपशील म्हणजे नेपथ्य होय. मरण खरे झाले की खेळाडू रस्त्याचे वळण, झाडाची आडोशाची जागा, पळून जावयाची वाट पाहू लागतो. निर्मात्यांनी २००४ साली रचलेली भूमी तीच, परंतु तिचे वाचन आता प्रथमच सावकाश होते. कठोर खेळाचा हा लाभ निर्विवाद आहे.

भूमिकेच्या बाबतीत मात्र मला तितकी खात्री देववत नाही. खेळाडूने सोंग घेतलेले असते योद्ध्याचे, आणि वागणूक होते हिशेबनिसाची. तो आपल्याहून दुबळ्या शत्रूंनाच गाठतो, गुहेच्या तोंडाशी जाऊन परत फिरतो, औषधांच्या कुप्या मोजतो. वीररसाचा स्थायीभाव उत्साह; येथे त्याची जागा सावधगिरीने घेतलेली दिसते. ज्या सौम्य खेळाला आपण पोरकट म्हणतो, त्यात निदान पात्र शूरासारखे वागते तरी! अभिनवगुप्ताने सांगितलेल्या रसविघ्नांत स्वतःच्याच सुखदुःखाने विवश होणे हे एक विघ्न आहे. हार्डकोअरमधील भीती या कसोटीवर टिकत नाही. खेळाडू घाबरतो तो पात्रासाठी नव्हे, आपल्या शंभर तासांसाठी. ही भीती लौकिक आहे. भयानकरसाशी तिचे केवळ नामसाम्य.

हा आक्षेप येथेच सोडता आला असता. परंतु डेडमाइन्ससारख्या गुहेत पाच जण उतरतात तेव्हा जे घडते, ते त्यात बसत नाही. समजा, एकाच्या चुकीने दुसरी टोळीही अंगावर आली. पुढचा योद्धा कोसळण्याच्या बेतात आहे. मागे उभ्या असलेल्या पुरोहिताला, म्हणजे जखमा भरून काढणाऱ्याला, पळण्यास अजून वेळ आहे. या खेळाचा नियम असा की, जखमा भरणे हेदेखील शत्रूचे लक्ष ओढून घेणारे कृत्य आहे. म्हणून प्रत्येक मंत्रासरशी टोळीचा मोहरा त्याच्याकडे वळण्याचा संभव वाढतो. तरीही एखादा थांबतो. त्या चौघांना तो ओळखतही नसतो. सौम्य खेळात हेच कृत्य त्याने हजारदा केलेले असेल आणि त्याला काही मोल नव्हते. येथे ते दान ठरते, आणि ज्याचे दान होते ते त्याचे स्वतःचे लौकिक असते, ही अडचण न राहता अटच बनते. सावधगिरीच्या शेकडो तासांनंतर येणारा हा एखादा क्षण वीररसाचा आहे, असे मी म्हणेन. फक्त त्याचा प्रेक्षक आणि नट एकच असल्याने आपले शास्त्र त्याला पुरे पडत नाही.

मार्च २०२५ मध्ये या प्रश्नाला एक अनपेक्षित वळण मिळाले. सर्व्हरांवर बाहेरून हल्ले होऊन खेळ मध्येच बंद पडला आणि मोहिमेवर असलेली अनेक पात्रे मेली. कंपनीने त्यांना जिवंत करण्याचा निर्णय घेतला. हर्षाच्या ‘नागानंद’ नाटकात गरुडाला देह देणाऱ्या जीमूतवाहनाला अखेरीस गौरी उठवते, त्याची आठवण होते. त्या पुनरुज्जीवनाने त्याचे दान उणे होत नाही, कारण देताना त्याला ते ठाऊक नव्हते. तसेच मार्चमधील पात्रांचेही म्हणता येईल. प्रश्न त्यांच्यानंतर येणाऱ्यांचा आहे. गौरी आहे, हे त्यांना आता ठाऊक झाले आहे. ती केवळ बाहेरच्या हल्ल्यासाठी धावली, खेळातल्या मरणासाठी नव्हे, हा भेद न्याय्य असला तरी नियमाची निर्दयता आणि नियंत्याची मर्जी यांत एकदा पडलेली फट बुजत नाही.

मेलेल्या पात्राचे हार्डकोअरमध्ये भूत उरते. त्याला बोलता येते, सोबत्यांचा निरोप घेता येतो. शिवाय त्याला साध्या क्लासिक सर्व्हरवर हलवून, तेथे जिवंत करून खेळ पुढे चालू ठेवण्याची सोयही कंपनीने ठेवली आहे. प्रस्तुत लेखकाचे एक पात्र सतराव्या पातळीवर मूनब्रूकच्या रस्त्यावर पडले. ते त्याने अद्याप हलवलेले नाही.