पन्नास फुटांवरचे चित्र

लाखांदुरात कलादालन नाही. इथल्या चित्रकाराला चित्र टांगून दाखवायचे असेल, तर शंभराहून अधिक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. मुंबईच्या जहांगीरमध्ये तारीख मिळायला काही वर्षे थांबावे लागते, हे तर सर्वांना ठाऊकच आहे. तरीही आमच्या तालुक्यात चित्र पाहणाऱ्यांची वानवा कधी नव्हती. दिवाळी सरली, धान घरी आला की मंडया भरतात, शंकरपट लागतात आणि मोकळ्या झालेल्या बांधीत नाटकाचा मंच उभा राहतो. वैनगंगेपलीकडच्या वडशाहून मंडळ्या येतात. रात्री दहाच्या सुमारास पडदा वर जातो तो पहाटेपर्यंत, आणि तेवढा सगळा वेळ गावोगावची माणसे एका रंगवलेल्या कापडाकडे तोंड करून बसलेली असतात.

झाडीपट्टी रंगभूमीबद्दल आता बरेच लिहिले जाते. २०२३ साली परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाल्यावर बाहेरच्यांचेही लक्ष इकडे वळले. चर्चा होते ती नटांची, संहितांची, लावणीची आणि एका हंगामातल्या उलाढालीची. पडद्याकडे चित्र म्हणून पाहणारे लेखन मात्र माझ्या वाचनात आलेले नाही. मी पडदेही रंगवले आहेत आणि नागपूरच्या प्रदर्शनांत चित्रेही लावली आहेत. दोन्हीकडच्या कसोट्या शेजारी ठेवून पाहाव्यात, एवढाच या लेखाचा हेतू.

पडद्याची सुरुवात कापडापासून होते. मांजरपाटाचे पन्हे शिवून मोठा चौरस करायचा, तो ताणायचा, खळ किंवा सरस घालून त्याची छिद्रे बुजवायची आणि मग खडूच्या पुडीचा पातळ हात द्यायचा. हा हात जाड झाला तर पडदा बांबूवर गुंडाळताना रंगाला भेगा पडतात. म्हणून पडदेवाल्याचा रंग पातळच असतो. दालनात ज्याला आम्ही ‘पोत’ म्हणून मिरवतो, तो इथे चार प्रयोगांत गळून पडेल.

दृश्येही ठरलेली: महाल, रस्ता, जंगल, गरिबाचे घर. यात नवीन काय, असे शहरातला समीक्षक विचारील. नवेपण रचनेत शोधावे लागते. प्रेक्षक जमिनीवर बसलेला, त्याची नजर खालून वर जाते. म्हणून क्षितिजरेषा खाली धरावी लागते. पुस्तकातल्याप्रमाणे ती मध्यावर घेतली, तर मंचाची जमीन आणि चित्रातली जमीन एकमेकींशी भांडतात. शिवाय नट पडद्याजवळ गेला की चित्रातल्या दूरच्या दारापुढे तो राक्षस दिसतो. जाणता पेंटर त्यामुळे दार बाजूला सारतो आणि खालचे चार-पाच फूट जवळजवळ मोकळे ठेवतो. ती जागा नटाची असते. रंगाचेही तसेच. पिवळ्या उजेडात निळा मरतो आणि पिवळा पांढरट दिसतो. म्हणून रात्रीचे आकाश दिवसा पाहिले तर भडक वाटेल इतके निळे करावे लागते. भडकपणाचा जो आरोप या पडद्यांवर होतो, तो बहुधा दिवसाउजेडी आणि जवळून पाहणाऱ्यांनी केलेला असतो.

मी नवा होतो तेव्हा जंगलाच्या पडद्यावर एकेक पान काढत बसलो होतो. ज्यांच्या हाताखाली शिकलो ते म्हातारे पेंटर मागे येऊन उभे राहिले आणि म्हणाले, “बाबू, पाना मोजाले कोन येते? मांगच्याले झाड दिसला पायजे.” मला पानांचा हट्ट सोडून सावलीचे मोठे आकार पाहायला शिकवले ते या एका वाक्याने.

ही परंपरा काही आमच्याच कोपऱ्यातली नाही. पारशी नाटक मंडळ्यांबरोबर यथार्थदर्शी पडदे आले आणि संगीत नाटकाने ते आपलेसे केले. कोल्हापूरच्या आनंदराव आणि बाबूराव पेंटर यांनी नाटक मंडळ्यांसाठी रंगवलेल्या पडद्यांनी त्या काळी नाव मिळवले होते. पुढे बाबूरावांनी महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली, १९२५ साली ‘सावकारी पाश’ केला आणि इतिहासाने त्यांना चित्रपटाच्या दालनात बसवले. पण प्रकाश आणि खोलीची त्यांची समज पडद्यांवरही घडली असणार, असे मला वाटते.

मग पडदा दालनात नेला की प्रश्न सुटेल का? वारली चित्रांचे उदाहरण समोर आहे. लग्नघरी सुवासिनींनी भिंतीवर काढायचा तो चौक. सत्तरच्या दशकात भास्कर कुलकर्णी यांच्या प्रयत्नांतून ही कला कागदावर आली, जिव्या सोमा मशे यांचे नाव जगभर झाले, २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. मशे मोठेच चित्रकार होते, त्यात वाद नाही. पण भिंतीवरून कागदावर येताना लग्न मागे राहिले आणि त्या सुवासिनीही बहुतांशी मागे राहिल्या. पलीकडे मध्य प्रदेशात जनगढसिंह श्याम भोपाळच्या भारत भवनात पोहोचले आणि गोंड चित्रकलेला नवे आयुष्य मिळाले. दालन चित्रकाराला नाव देते, हे खरे. त्या बदल्यात चित्राचा प्रसंग मागून घेते. आमच्या पडद्याला प्रसंग आहे, नाव नाही. कोपऱ्यात सही असली तर ती मंडळाच्या नावाची.

या देवघेवीत मी स्वतः कसा वागलो, तेही सांगायला हवे. नागपूरच्या एका सामूहिक प्रदर्शनासाठी मी धानाच्या बांध्यांची चित्रे नेली होती: रोवणीनंतरचे पाणी, धुऱ्यावरची पळसाची झाडे, ढगांचे करडे प्रतिबिंब. आयोजक म्हणाले, तुमच्या भागाचे काही आदिवासी दिसू द्या. मी रात्रीत तांबड्या कागदावर पांढऱ्या काड्यांची माणसे नाचवली. वारली राज्याच्या दुसऱ्या टोकाला राहतात, हे मला माहीत होते. विकले गेले ते तेवढेच एक चित्र. प्रदर्शनावर टीका करण्याचा माझा अधिकार त्या दिवशी निम्मा झाला.

उरलेला निम्मा कसा गेला, तेही इथेच नोंदवतो. आठ-नऊ वर्षांपूर्वी एका गावच्या मंडळाने जुना पडदा आणून दिला. कापड चांगले आहे, यावरच नवा महाल काढा, म्हणाले. पडदा माझ्या गुरूंचा होता. जंगलाचा. पाणवठ्याच्या कडेला सागाची दोन झाडे आणि त्यांच्यामध्ये नटाला उभे राहण्यापुरता उजेड. कापडाचे पैसे वाचत होते, हंगाम तोंडावर होता. मी पांढरा हात दिला. फोटोही काढला नाही. गुरू तेव्हा हयात होते, मी सांगितल्यावर एवढेच म्हणाले, “कापड टिकला ना? मंग झाला.” त्यांना खरेच वाईट वाटले नसेल का, हे मी आजही ठरवू शकलेलो नाही.

आता फ्लेक्स आला आहे. संगणकावरचा महाल रात्रीत छापून मिळतो, भेग पडत नाही, पावसाला भीत नाही. मंडळ्यांना दोष देता येत नाही; त्यांचे गणित तंग असते. मात्र छापील महालाची क्षितिजरेषा छायाचित्र घेणाऱ्याच्या डोळ्यापाशी असते, बांधीत बसलेल्या माणसाच्या नाही. नट त्यापुढे चिकटवल्यासारखा दिसतो आणि चकचकीत पृष्ठभाग दिव्याचा उजेड उलटा फेकतो. प्रेक्षकाला काय खटकते ते शब्दांत सांगता येत नाही, पण तो नटाकडे पाहताना डोळे बारीक करतो. हे मी मागच्या रांगेत बसून पाहिले आहे.

म्हणून जिल्ह्यात कधी दालन झालेच, तर माझी मागणी साधी आहे. एक भिंत पडद्यापुरती उंच असावी आणि तिच्यासमोर पन्नास फूट मोकळी जागा. खाली बसून पाहता यावे. पडद्याखाली रंगवणाऱ्याचे नाव असावे. तोवर गावोगावच्या मंडळांच्या खोल्यांत गुंडाळून पडलेले पडदे उलगडून त्यांचे फोटो काढण्याचे काम मी यंदाच्या मंडयांपासून हाती घेत आहे. पहिला पडदा रस्त्याचा आहे, उंदरांनी एक कड खाल्लेला. खालचे चार फूट मोकळे आहेत.