सचित्र ज्ञानपुस्तके : देखणी आणि खरी

नाताळ जवळ आला किंवा घरात प्रथम ख्रिस्तप्रसादाचा सोहळा ठरला, की आपल्या कुटुंबांत मुलांसाठी पुस्तकांची खरेदी होते. संतचरित्रे आणि बोधकथा यांच्या जोडीला आता तारे, प्राणी, मानवी शरीर, यंत्रे यांची माहिती देणारी सचित्र पुस्तकेही त्या खरेदीत आली आहेत. ही गोष्ट स्वागतार्हच होय. परंतु ही पुस्तके निवडताना आपण कागदाचा गुळगुळीतपणा पाहतो, रंग पाहतो, किंमत विचारतो आणि आतले एक पानही न वाचता पुस्तक बांधून घेतो. ज्ञान देणाऱ्या पुस्तकाला लावावयाची खरी कसोटी कोणती, याचा विचार आम्हांला येथे करावयाचा आहे.

मुलांसाठीच्या सचित्र पाठ्यपुस्तकांचा आद्य नमुना म्हणून यान आमोस कोमेनियस यांच्या 'ऑर्बिस सेन्सुअलियम पिक्टस' या ग्रंथाचे नाव घेतले जाते. तो १६५८ साली न्युरेंबर्ग येथे लॅटिन व जर्मन या दोन भाषांत प्रसिद्ध झाला. कोमेनियस हे प्रॉटेस्टंट बंधुसंघाचे धर्माध्यक्ष. कॅथलिक राजसत्तेच्या धोरणामुळे त्यांना आपला देश सोडावा लागला होता. अशा गुरूकडून शिकताना आपण अधिकच नम्र असावे. ग्रंथात १५० प्रकरणे आहेत. प्रारंभ परमेश्वरापासून, शेवट अंतिम न्यायाने. आणि मध्ये अग्नी, वारा, पक्षी, मधमाश्या, पाव भाजणारा, सुतार असा सारा संसार. चित्रातील वस्तूंना आकडे दिलेले असून तेच आकडे मजकुरातील शब्दांजवळ छापलेले आहेत. आकड्याच्या आधाराने मूल शब्दापासून वस्तूपर्यंत आणि वस्तूपासून शब्दापर्यंत जाते. चित्र येथे पानाची शोभा नाही. तो पाठाचाच भाग आहे. आत्म्याच्या प्रकरणात तर केवळ ठिपक्यांनी रेखलेली मानवाकृती आहे. जे डोळ्यांना दिसत नाही ते रंगवून दाखविण्याचा मोह या पुस्तकाने टाळला.

तथापि याच ग्रंथात पृथ्वी मध्यभागी स्थिर असून आकाश तिच्याभोवती फिरते, असे शिकविले आहे. कोपर्निकस यांचा ग्रंथ १५४३ साली, म्हणजे ११५ वर्षे आधी, प्रसिद्ध झालेला होता! एवढ्या थोर पुस्तकाची जर ही गत, तर आजच्या पुस्तकांची काय कथा? प्लूटोला २००६ साली ग्रहांच्या यादीतून वगळण्यात आले. तरी नऊ ग्रहांची चित्रे घरोघरच्या कपाटांत आहेत. म्हणून मुखपृष्ठ पाहण्याआधी आवृत्तीचे वर्ष पाहावे, असे आम्ही सुचवितो.

दुसरे उदाहरण जगभर लाडके झालेल्या पुस्तकाचे आहे. एरिक कार्ल यांचे 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' १९६९ साली निघाले. चित्रे मोहक, पानांना सुरवंटाने पाडलेली भोके. बालकाला आनंद देण्यात ते कुठेही कमी पडत नाही. पण सुरवंट ज्या घरात झोपतो त्याला लेखकाने वापरलेला शब्द पतंगांच्या रेशमी कोशाचा आहे, आणि बाहेर पडते ते फुलपाखरू! फुलपाखराची अळी सहसा असे रेशमी घर विणत नाही. शेवटची कात टाकल्यावर तिच्या अंगाचेच कठीण कवच होते. गोष्ट म्हणून हे पुस्तक जरूर द्यावे. विज्ञान म्हणून देऊ नये. आणि ते वाचून झाल्यावर मुलाला अंगणातल्या लिंबाच्या झाडापाशी न्यावे. तेथे पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी जी लहान अळी आढळते, ती फुलपाखराचीच असते. पुस्तकाने मुलाला झाडापाशी पोहोचविले, तर पैसे सार्थकी लागले.

आता एका नाजूक विषयाकडे वळतो. डायनोसॉरची किंवा विश्वाच्या प्रारंभाची पुस्तके घरात आणताना काही पालक बिचकतात. 'उत्पत्ती'च्या पुस्तकाशी त्यांचा मेळ कसा घालावा, असे त्यांना वाटते. ही भीती अनाठायी आहे. विश्व एका आदिकणापासून विस्तारत गेले, ही कल्पना १९३१ साली मांडणारे जॉर्ज लमेत्र हे कॅथलिक धर्मगुरूच होते. उत्क्रांतीचा सिद्धांत आता केवळ गृहीतक राहिलेला नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९६ साली परमधर्मपीठाच्या विज्ञान अकादमीला कळविले. तेव्हा डायनोसॉरच्या पुस्तकात दोष शोधावयाचा असेल, तर तो वेगळ्या ठिकाणी शोधावा. अनेक चित्रांत स्टेगोसॉरस आणि टायरॅनोसॉरस एकाच रानात उभे केलेले असतात. वास्तविक पहिला सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीचा, तर दुसरा सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. त्या दोघांमधील अंतर दुसऱ्यापासून आपल्यापर्यंतच्या अंतराहून मोठे आहे! चित्रकाराने हे अंतर पुसले, की मुलाची काळाची जाणीवच पुसली जाते.

मराठीतही विचारपूर्वक केलेली पुस्तके आहेत. माधुरी पुरंदरे यांच्या 'चित्रवाचन'मध्ये आपल्या ओळखीचे लोकजीवन चित्रांतून समोर येते. मुलाने पाहावे, शोधावे, बोलावे, अशी त्याची रचना आहे. पेंग्विन व ध्रुवीय अस्वल ओळखणाऱ्या, परंतु मिठागरावरचा बगळा न ओळखणाऱ्या आमच्या वसईच्या मुलांना अशा पुस्तकांची विशेष गरज आहे.

सारांश, खरेदीपूर्वी पालकांनी दोन पाने स्वतः वाचावीत. चित्र आणि मजकूर एकच गोष्ट सांगतात काय? मुंगी आणि हत्ती एका पानावर असतील, तर त्यांच्या आकाराचे भान दिले आहे काय? पुस्तक मिटल्यावर मुलाच्या मनात एखादा प्रश्न उरतो काय? ही उत्तरे समाधानकारक असतील, तर स्वस्त कागदावरचे पुस्तकही श्रीमंत समजावे. जिज्ञासू मूल चित्रावर निःशंक विश्वास टाकते. त्या विश्वासाला खोटे खाद्य मिळाले, किंवा त्याच्या प्रश्नाला घरातून केवळ मौन मिळाले, तर पुढे ते आपल्या श्रद्धेकडेही त्याच संशयाने पाहील. सृष्टीविषयीचे सत्य आणि सृष्टिकर्त्याविषयीचे सत्य यांत वैर नाही, हे मुलाला पटवून देण्याचे काम प्रवचनाआधी घरातल्या पुस्तकांच्या फळीपासूनच सुरू होते.