हागारेचे अश्रू आणि मुक्ताचा निबंध

आपल्या मंडळ्यांत हागारेवर उपदेश क्वचितच होतो. अब्राहामाच्या विश्वासाचे विवेचन चालू असता ही मिसरी दासी मध्येच येते आणि रानात दिसेनाशी होते. अमेरिकेतील कृष्णवर्णीय ख्रिस्ती स्त्रियांनी मात्र तिला पिढ्यान्‌पिढ्या आपली मानले. डेलोरेस विल्यम्स यांनी १९९३ साली प्रसिद्ध केलेल्या ‘सिस्टर्स इन द विल्डरनेस’ या ग्रंथात या आपलेपणाचा ईश्वरविज्ञानाच्या दृष्टीने विचार केला आहे. मराठी ख्रिस्ती वाचकाला त्याचे काय प्रयोजन, हे येथे पाहावयाचे आहे.

हागारेच्या देहाचा उपयोग सारेची उणीव भरून काढण्यासाठी झाला. गुलामगिरीत कृष्णवर्णीय स्त्रियांनी मालकांची मुले पाजली, वाढविली आणि स्वतःची मुले विकली जाताना पाहिली. अशा स्त्रीला ‘प्रभूने सोसले, तूही सोस’ असे सांगणे म्हणजे तिच्यावरील अन्यायाला वधस्तंभाची संमती देणे होय, असे विल्यम्स यांचे प्रतिपादन आहे. उत्पत्तीच्या १६ व्या अध्यायात देव हागारेला मुक्त करीत नाही, तर धनिणीकडे परत पाठवितो, ही अडचण त्या झाकीत नाहीत. परंतु त्याच अध्यायात ही दासी, आपल्याला पाहणारा म्हणून, देवाला नाव देते. तिचे दुःख सरलेले नसते. तरी आपण देवाच्या दृष्टीस पडलो, ही खात्री तिला उभे करते.

आपल्याकडे असा आवाज शोधावयाचा तर ‘ज्ञानोदया’च्या १८५५ सालच्या अंकांकडे वळावे लागते. पुण्यात फुले दांपत्याच्या प्रयत्नाने शिकलेल्या मुक्ता साळवे या मांग मुलीचा मांग-महारांच्या दुःखाविषयीचा निबंध त्यांत आला. तेव्हा ती चौदा वर्षांची होती. घरावर छप्पर नसता थंडीपावसात बाळंत होणाऱ्या बायांचे हाल ती सांगते. पण तिचा निबंध ही दयेची याचना नव्हे. वेद ब्राह्मणांचेच असतील तर आम्ही धर्मपुस्तकाविना आहोत. मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न ती थेट देवालाच विचारते. मिशनच्या पत्राने छापला म्हणून या निबंधाला साक्षीच्या साच्यात बसविणे योग्य नव्हे. शोक करणारी मुलगी येथे युक्तिवाद करीत आहे, आणि तिचे स्वत्व त्या युक्तिवादात आहे.

मुक्ताने सांगितलेले हे निवाऱ्याचे दुःख पुढे वडोदऱ्यातही दिसले. १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीसाठी आलेल्या डॉ. आंबेडकरांना पारशी धर्मशाळेतून घालवून देण्यात आले. तेव्हा त्यांनी एका हिंदू व एका ख्रिस्ती मित्राकडे आसरा मागितला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. पत्नी उद्या येईल, तिला विचारून सांगतो, असे ख्रिस्ती मित्र म्हणाला. ते जोडपे मूळचे ब्राह्मण. पती विचाराने उदार झाला होता, पत्नी जुन्याच वळणाची राहिली होती, हे आंबेडकरांना मागाहून कळले. काही तास बागेत बसून ते मुंबईस परतले.

येथे सारेचे घर बाप्तिस्मा झालेले होते, हे विसरता कामा नये. हागारेलाही एका स्त्रीनेच घालविले. म्हणून ‘स्त्री’ या एका शब्दाने सर्व स्त्रियांचे दुःख एक होत नाही, हा विल्यम्स यांचा इशारा आपणांसही लागू आहे. ज्यांची लेखणी आपण अभिमानाने सांगतो त्या पंडिता रमाबाई व लक्ष्मीबाई टिळक दोघीही जन्माने ब्राह्मण. त्यांचे मोल यामुळे उणे होत नाही. परंतु महारवाड्या-मांगवाड्यांतून मंडळीत आलेल्या असंख्य आज्यांचे शोक कोणी लिहून ठेवले?

एका बाबतीत मात्र विल्यम्स यांच्याशी मतभेद नोंदवावासा वाटतो. तारण प्रभूच्या मरणापेक्षा त्याच्या जीवनकार्यात पाहावे, असा त्यांचा आग्रह आहे. मूल पुरून आलेल्या आईला मात्र वधस्तंभावरचाच प्रभू जवळचा वाटतो. दुःख लादणारा वधस्तंभ निराळा आणि दुःखात सोबत करणारा निराळा. हा भेद ग्रंथात अधिक स्पष्ट व्हावयास हवा होता.

सांत्वनाच्या प्रार्थनेस जाणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांनी हा भेद ध्यानी ठेवावा. शोकाकुल बाईपुढे शास्त्रवचन उघडण्याआधी तिला बोलू द्यावे. रानात देवाने आधी हागारेला विचारले, आणि मग तिला पाण्याची विहीर दाखविली.